तलवारीने शॅम्पेनची बाटली उघडणे

* तलवारीने बाटलीची मान छाटली : फ्रान्समध्ये या प्रकाराला ‘साब्राज’ म्हणतात. नेपोलियनच्या घोडदळातले हुसार विजयानंतर अशा बाटल्या उघडत, असे सांगतात. १८०५ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी विधवा झाल्यावर शॅम्पेनचा व्यवसाय हाती घेणाऱ्या मादाम क्लिको यांच्या मेजवान्यांशीही ही कथा जोडली जाते. ऐकायला ती छान आहे. पुराव्याच्या बाजूने मात्र लंगडी.

मूळ मजकुरातले ‘छाटली’ हे क्रियापद फसवे आहे. इथे काच कापली जात नाही, तडकते. बाटलीच्या अंगावर साच्याच्या सांध्याची उभी रेघ असते. ती तोंडाच्या जाड कडेला मिळते ती जागा सर्वांत कमजोर. आतला दाब सुमारे ६ वातावरण, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास तिप्पट. बाटली चांगली गार करायची, वेष्टन आणि तारेची जाळी काढायची, तोंड माणसांपासून दूर ठेवून ती तिरकी धरायची आणि पाते सांध्यावरून कडेपर्यंत सपाट सरकवत न्यायचे. तडा गेला की पुढचे काम दाबच करतो : बुचासकट काचेचे कडे उडते, बारीक तुकडेही फेसाबरोबर बाहेर फेकले जातात. नवशिके नेमके कडेपाशी हात आखडतात. फटका तिथे न थांबता पुढे जायला हवा. धार लागत नाही, पात्याची बोथट बाजूच वापरतात. साध्या वाइनच्या बाटलीत हा दाब नसतो. तिच्यावर हा प्रयोग वाचकांनी करू नये. – संपा.