लोह : मानवी शरीरातील शोषण व नियमन

रक्तातून ऑक्सिजन वाहून नेण्यासाठी आणि पेशींतील ऊर्जानिर्मितीसाठी अत्यावश्यक असलेले, आहारातून मिळणारे खनिज मूलद्रव्य. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सारे मिळून ३ ते ४ ग्रॅमच असते. त्यातील सुमारे दोन तृतीयांश तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनात असते. काही भाग स्नायूंतील मायोग्लोबिनात व निरनिराळ्या विकरांत असतो, तर उरलेले मुख्यतः यकृतात, फेरिटिन या प्रथिनात साठवलेले असते. पुरुषाचा हा साठा १ ग्रॅमच्या आसपास भरतो. पाळी सुरू असलेल्या स्त्रीचा त्याच्या जेमतेम एक तृतीयांश असतो आणि पुष्कळ जणींचा त्याहूनही कमी.

सोडियम जास्त झाले, तर मूत्रपिंडे ते लघवीवाटे काढून टाकतात. जादा लोह बाहेर टाकण्याची अशी कोणतीही नियंत्रित वाट शरीराला नाही. आतड्याच्या व त्वचेच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज १ ते २ मिलिग्रॅम जाते, तेवढेच. पाळीतला रक्तस्राव ही स्त्रियांच्या खर्चातली वेगळी भर. लोहाचा समतोल उत्सर्जनाने नव्हे, तर शोषणाने राखला जातो, हा विचार रॉबर्ट मॅकॅन्स व एल्सी विडोसन या ब्रिटिश संशोधकांनी १९३७ मध्ये मांडला. लोहाविषयीचे पुढचे बहुतेक ज्ञान त्या पायावर उभे आहे.

नव्या तांबड्या पेशी घडवण्यासाठी अस्थिमज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. हे जवळजवळ सगळे जुन्या पेशींतूनच परत मिळते. सुमारे १२० दिवसांनी जीर्ण झालेल्या पेशी प्लीहेतील व यकृतातील भक्षिपेशी गिळतात आणि त्यांतले लोह सोडवून रक्तात देतात. तेथे ट्रान्सफेरिन हे प्रथिन ते उचलून मज्जेकडे नेते. लोह सुटे राहणे घातक असते, कारण ते पेशींतील हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अत्यंत दाहक मूलके तयार करते. म्हणूनच ते सतत कोणत्या ना कोणत्या प्रथिनाच्या ताब्यात असते.

अन्नातील लोहाचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होते. मांस-मासळीतील हीम स्वरूपाचे लोह तुलनेने सहज आत जाते. धान्ये, डाळी व भाज्यांतले लोह बहुधा फेरिक स्वरूपात असते. पेशीच्या पृष्ठभागावर त्याचे फेरस रूप झाले, की डीएमटी-१ हे वाहक प्रथिन ते आत घेते. पेशीतून रक्तात जाण्याचे दार मात्र एकच : फेरोपोर्टिन. ते बंद असेल, तर लोह पेशीतच फेरिटिनात अडकून पडते आणि काही दिवसांत ती पेशी झडली, की तिच्याबरोबर शौचावाटे निघून जाते.

हे दार यकृताच्या हाती आहे. यकृत हेपसिडिन नावाचे २५ अमिनो आम्लांचे छोटे संप्रेरक स्रवते. ते फेरोपोर्टिनला चिकटले, की फेरोपोर्टिन पेशीत ओढले जाऊन नष्ट होते. हेपसिडिनचा शोध २००० च्या सुमारास लागला व ही क्रिया २००४ मध्ये उलगडली. साठा भरलेला असेल, तर हेपसिडिन वाढते. लोह कमी पडले, ऑक्सिजन कमी मिळाला किंवा मज्जेचे काम वाढले, की ते घटते. जंतुसंसर्गात व दीर्घकालीन दाहातही ते वाढते. जंतूंनाही लोह हवे असते. त्यांना ते मिळू नये, अशी ही तजवीज असावी. मात्र फेरोपोर्टिन भक्षिपेशींवरही असल्याने त्यांच्यातले लोहही कोंडले जाते. त्यामुळे संधिवातासारख्या जुनाट दुखण्यात साठा असूनही रक्त कमी होते आणि नुसत्या गोळ्यांनी ते पुरेसे भरून येत नाही.

आहारतक्त्यांतले मिलिग्रॅमचे आकडे म्हणूनच अपुरे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज १९ व स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह आहारात हवे. प्रत्यक्ष गरजेच्या मानाने हे आकडे एवढे मोठे आहेत, कारण आपल्या धान्यप्रधान जेवणातले फारच थोडे लोह अंगी लागते. कोंड्यातील फायटेट ते धरून ठेवते, चहातील टॅनिन व दुधातील कॅल्शियमही आड येतात. बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी खाऊन लगेच चहा घेतला, तर त्या जेवणातल्या लोहाचा बराचसा लाभ जातो. उलट मटकीच्या उसळीवर लिंबू पिळले, तर क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. मोड आणल्याने व आंबवल्याने फायटेट कमी होते. बाळंतिणीला देतात ते अळीव लोहाने समृद्ध आहेत, पण त्यांची दुधातली खीर करण्यापेक्षा ते लिंबूपाण्यात भिजवून घेणे शोषणाच्या दृष्टीने सरस. पालकाची कीर्ती मोठी असली, तरी त्यातले लोह फारसे शोषले जात नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हा आकडा सवयीचा होऊ देता कामा नये. सगळाच रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो, हेही खरे. ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधिकेने मुंबईतील गरोदर स्त्रियांचा जो रक्तक्षय अभ्यासला, त्यातून पुढे फोलिक आम्लाचा शोध लागला. म्हणूनच रक्तक्षयावर सरकारतर्फे दिल्या जाणाऱ्या गोळीत लोहाबरोबर फोलिक आम्लही असते. गोळी किती दिवसांनी घ्यावी, हाही प्रश्न आहे, कारण लोहाच्या एका मात्रेनेही हेपसिडिन सुमारे दिवसभर चढलेले राहते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस अभ्यासात लोह कमी असलेल्या स्त्रियांना एक दिवसाआड गोळी दिली, तेव्हा रोजच्या गोळीपेक्षा तिच्यातला अधिक मोठा भाग शोषला गेला. गरोदरपणात मात्र रोजचीच गोळी दिली जाते. त्यात वैद्यकीय सल्ल्याशिवाय बदल करू नये.

अतिरेकाचे उदाहरण थॅलॅसीमियात दिसते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. नियमित रक्त घ्यावे लागणाऱ्या मुलांच्या यकृतात, हृदयात व अंतःस्रावी ग्रंथींत ते साचत जाते. डेफेरॉक्सामिन किंवा डेफेरासिरॉक्स ही औषधे लोहाला बांधून लघवी व शौचावाटे बाहेर काढतात आणि ती वर्षानुवर्षे घ्यावी लागतात.