वैदर्भी
मुलींचे एक आधुनिक मराठी नाव. 'विदर्भदेशाची कन्या' हा त्याचा मूळ अर्थ असून लोपामुद्रा, दमयंती व रुक्मिणी या तिघींनाही संस्कृत साहित्यात ते लावलेले आढळते. माधुर्य, प्रसाद इत्यादी दहा गुणांनी युक्त अशा काव्यशैलीलाही (रीतीलाही) वैदर्भी म्हणतात. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी असलेल्या वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम, नगरावरून कवी राजशेखराने 'कर्पूरमंजरी' या प्राकृत सट्टकात (नृत्यगीतप्रधान नाट्यप्रकारात) याच रीतीला 'वच्छोमी' म्हटले आहे. काव्यपुरुष व साहित्यविद्या या रूपकात्मक पात्रांचा विवाहही 'काव्यमीमांसा' या आपल्या ग्रंथात त्याने वत्सगुल्म येथेच लावला आहे. आराध्या, अन्वी यांसारख्या नावांइतके हे नाव प्रचलित नसले, तरी प्रदेश आणि साहित्य या दोहोंचा इतका जुना आधार लाभलेली आधुनिक नावे थोडीच आहेत.