गंभीर दम्यावर शिरेवाटे आणि इंजेक्शनद्वारे जैविक उपचार : कोणासाठी, केव्हा आणि कसे?

नवी दिल्ली : इन्हेलर नियमितपणे आणि योग्य पद्धतीने घेऊनही ज्यांचा दमा आटोक्यात येत नाही, अशा रुग्णांसाठी गेल्या दोन दशकांत जैविक औषधांचा पर्याय उपलब्ध झाला आहे. ही औषधे शिरेवाटे अथवा त्वचेखाली टोचून दिली जातात. योग्य रुग्णाला दिल्यास झटक्यांचे प्रमाण साधारणपणे निम्म्यावर येते आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांवरील अवलंबित्व कमी होते. मात्र ती प्रत्येक दमेकऱ्यासाठी नाहीत. रुग्णाची निवड चुकल्यास खर्च होतो, लाभ होत नाही. त्यामुळे या उपचाराविषयीचा पहिला प्रश्न ‘कोणते औषध?’ हा नसून ‘कोणाला?’ हा आहे.

गंभीर दमा म्हणजे काय?

वरचेवर धाप लागते, म्हणजे दमा गंभीर आहे, असा समज सार्वत्रिक आहे. वैद्यकीय व्याख्या याहून काटेकोर आहे. श्वसनमार्गे घ्यावयाच्या स्टिरॉइडची उच्च मात्रा आणि त्याच्या जोडीला श्वासनलिका दीर्घकाळ रुंद ठेवणारे औषध योग्य रीतीने घेऊनही ज्याचा दमा नियंत्रणात येत नाही, किंवा ही मात्रा कमी करताच जो पुन्हा बळावतो, त्यालाच गंभीर दमा म्हणतात. एकूण दमेकऱ्यांपैकी अशा रुग्णांचे प्रमाण सुमारे ३ ते १० टक्के मानले जाते.

उर्वरित अनेकांचा दमा ‘आटोक्यात न आलेला’ असतो, ‘गंभीर’ नसतो. इन्हेलर ओढण्याची चुकीची पद्धत, बरे वाटताच औषध सोडणे, धूम्रपान, घरातील चुलीचा धूर, नाकातील जुनाट सूज, लठ्ठपणा किंवा आम्लपित्त ही त्यामागील नेहमीची कारणे होत. ती दूर केल्यास महागड्या उपचाराची गरजच उरत नाही.

सलाईनमधील दोन वेगळे उपचार

तीव्र झटका आल्यावर आपत्कालीन विभागात रुग्णाला सलाईन लावले जाते, हे अनेक कुटुंबांनी अनुभवले आहे. प्राणवायू, वाफाऱ्यावाटे औषध आणि स्टिरॉइड यांना पुरेसा प्रतिसाद न मिळाल्यास प्रौढांना २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट सुमारे २० मिनिटांत शिरेतून दिले जाते. पूर्वी यासाठी अमिनोफायलिन सर्रास वापरले जात असे. दुष्परिणामांमुळे आता त्याची शिफारस केली जात नाही. हा उपचार झटका शमवण्यापुरता असतो.

जैविक औषधाचे इन्फ्युजन ही वेगळी गोष्ट आहे. ते झटका आला असताना दिले जात नाही; पुढचे झटके टळावेत म्हणून ठरावीक अंतराने दिले जाते. ही औषधे म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडे, अर्थात प्रथिने होत. पोटात गेल्यास ती पचून जातात, म्हणून त्यांची गोळी करता येत नाही.

एकाच औषधाचे दोन निष्कर्ष

निवडीचे महत्त्व मेपोलिझुमॅब या औषधाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या वाढीस कारणीभूत ठरणारा ‘इंटरल्युकिन-५’ हा घटक ते निष्प्रभ करते. मध्यम स्वरूपाचा दमा असलेल्या ३६२ रुग्णांना ते शिरेवाटे देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी कमी झाल्या, पण रुग्णांच्या त्रासात ठळक फरक पडला नाही. औषध अपयशी ठरल्याचे चित्र निर्माण झाले.

त्यानंतर ब्रिटनमधील लेस्टर आणि कॅनडातील हॅमिल्टन येथील संशोधकांनी इओसिनोफिल वाढलेले आणि नेहमीच्या उपचारांना दाद न देणारे रुग्णच निवडले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेस्टरच्या अभ्यासात ६१ रुग्ण होते. औषध मिळालेल्यांना वर्षाला सरासरी २ तीव्र झटके आले, तर इतरांमध्ये हे प्रमाण ३.४ होते. औषध तेच होते, रुग्ण बदलले होते. २०१२ मध्ये ६२१ रुग्णांवरील मोठ्या चाचणीने या निष्कर्षाला पुष्टी दिली आणि २०१५ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

शिरेतून की त्वचेखाली?

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेपोलिझुमॅब दोन्ही मार्गांनी देऊन पाहण्यात आले. शिरेवाटे दिल्यास झटके ४७ टक्क्यांनी, तर त्वचेखाली दिल्यास ५३ टक्क्यांनी घटले. सलाईनमधून दिलेले औषध अधिक ‘जोरदार’ असते, हा समज येथे टिकत नाही. पुढे हे औषध त्वचेखालील इंजेक्शन म्हणूनच बाजारात आले.

दम्यासाठी मंजूर जैविक औषधांपैकी शिरेवाटे दिले जाणारे औषध एकच आहे, ते म्हणजे २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले रेस्लिझुमॅब. १८ वर्षांवरील रुग्णांना दर चार आठवड्यांनी, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलिग्रॅम या प्रमाणात, २० ते ५० मिनिटांत ते दिले जाते. त्याच्या त्वचेखालील ठरावीक मात्रेच्या चाचण्यांत अपेक्षित यश मिळाले नाही.

अन्य औषधे त्वचेखाली टोचली जातात. ओमालिझुमॅब (२००३) ॲलर्जीशी संबंधित ‘आयजीई’ या प्रतिपिंडाला अडवते. वजन आणि रक्तातील आयजीईच्या पातळीनुसार दर दोन किंवा चार आठवड्यांनी ते देतात. बेनरालिझुमॅब (२०१७) पहिल्या तीन मात्रांनंतर दर आठ आठवड्यांनी दिले जाते. डुपिलुमॅबला दम्यासाठी २०१८ मध्ये, तर टेझेपेलुमॅबला २०२१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. भारतात प्रामुख्याने ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब आणि बेनरालिझुमॅब वापरात आहेत.

आधी कोणत्या तपासण्या?

निदान दम्याचेच असल्याची खात्री फुफ्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीने, म्हणजे स्पायरोमेट्रीने केली जाते. त्यानंतर रक्तातील इओसिनोफिल, आयजीईची पातळी, ॲलर्जी चाचणी आणि उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण पाहिले जाते. उच्च मात्रेतील इन्हेलर सुरू असतानाही रक्ताच्या प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये १५० किंवा अधिक इओसिनोफिल आढळणे, हा या प्रकारच्या दाहाचा एक निकष आहे. स्टिरॉइडच्या गोळ्यांमुळे हा आकडा कृत्रिमरीत्या खाली येत असल्याने तपासणी पुन्हा करावी लागू शकते.

भारतात आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. येथे इओसिनोफिल वाढण्यामागे पोटातील जंत किंवा हत्तीरोगाचे जंतूही असू शकतात. हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणाऱ्या ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’त रात्रीचा खोकला आणि घरघर हुबेहूब दम्यासारखी असते, मात्र डायइथिलकार्बामाझिन या स्वस्त गोळ्यांनी तो बरा होतो. विदर्भासारख्या हत्तीरोगप्रवण भागातील रुग्णांत ही शक्यता आवर्जून तपासावी लागते. ॲस्परजिलस बुरशीमुळे होणारा फुफ्फुसविकारही वगळावा लागतो. त्यात आयजीई मोठ्या प्रमाणात वाढते.

लाभ आणि धोके

झटके कमी होण्याइतकाच मोठा लाभ स्टिरॉइडच्या गोळ्या कमी होण्यात आहे. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मधुमेह, हाडांची ठिसूळता आणि मोतीबिंदूचा धोका वाढतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बेनरालिझुमॅब घेणाऱ्यांमध्ये गोळ्यांची मात्रा ७५ टक्क्यांनी कमी करता आली. औषध न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. मात्र रोज दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची गोळी अचानक बंद करणे धोकादायक असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते.

डोकेदुखी आणि टोचलेल्या जागी सूज हे सामान्य दुष्परिणाम आहेत. क्वचित प्रसंगी तीव्र ॲलर्जी उद्भवते. रेस्लिझुमॅबच्या चाचण्यांत हे प्रमाण हजारात सुमारे तीन होते. त्यामुळे ते रुग्णालयातच दिले जाते आणि त्यानंतर रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवतात. ओमालिझुमॅबबाबतही असाच इशारा आहे.

परिणाम पाहण्यासाठी किमान चार महिने द्यावे लागतात. लाभ न दिसल्यास औषध थांबवून अन्य पर्यायाचा विचार होतो. लाभ झाला तरी इन्हेलर बंद करता येत नाही.

खर्च आणि भारतातील वास्तव

वार्षिक खर्च काही लाख रुपयांपर्यंत जातो. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये विमा संरक्षणातून वगळता न येणाऱ्या आधुनिक उपचारांची यादी निश्चित केली. मोनोक्लोनल प्रतिपिंडांच्या इंजेक्शनांचा त्यात समावेश आहे. कंपन्या त्यावर उपमर्यादा घालू शकत असल्याने उपचारापूर्वी पॉलिसीतील तरतूद लेखी विचारून घेणे श्रेयस्कर ठरते.

२०१९ च्या अंदाजानुसार देशात सुमारे ३.४ कोटी दमेकरी आहेत. जगातील एकूण दमेकऱ्यांच्या हे सुमारे १३ टक्के असले, तरी दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातील अभ्यासात दम्याची लक्षणे असलेल्या ८२ टक्के, तर गंभीर लक्षणे असलेल्या ७० टक्के व्यक्तींचे निदानच झालेले नव्हते. यांपैकी बहुतेकांचे प्राण साध्या स्टिरॉइड इन्हेलरने वाचू शकतात. २०२५ च्या जागतिक दमा दिनाचा विषयही श्वसनमार्गे घ्यावयाचे उपचार सर्वांना उपलब्ध व्हावेत, हाच होता.

तरीही ज्यांनी इन्हेलर चोख घेतला, वर्षातून दोन किंवा अधिक वेळा ज्यांना स्टिरॉइडच्या गोळ्यांचा आधार घ्यावा लागला, किंवा ज्यांना त्या रोज घ्याव्या लागतात, त्यांनी त्याच गोळ्यांवर वर्षे काढू नयेत. आपला इन्हेलर आणि जुने अहवाल सोबत घेऊन फुफ्फुसविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी, त्यांच्यासमोर इन्हेलर ओढून दाखवावा आणि इओसिनोफिल व आयजीईच्या तपासणीबद्दल विचारावे. जैविक उपचाराचा निर्णय त्यानंतरचा आहे.