विद्यार्थी लिहितो, पण वाचतं कोण?



आजचा विषय रणांगणाचा नाही, वर्गाचा आहे. विद्यापीठात विद्यार्थ्यांना ब्लॉग लिहायला लावून शिकवायची पद्धत अनेक देशांत रुजली आहे. ही इंटरनेटची देणगी, असं आपण मानतो. साधन नवं आहे हे खरं. पण विद्यार्थ्याने परीक्षकाबाहेरच्या वाचकांसाठी लिहावं आणि त्यातून शिकावं, ही कल्पना आपल्या देशात दोनशे वर्षांपूर्वीच दिसते.

आधी कोलकात्यात जाऊ. १८२६ मध्ये तिथल्या हिंदू कॉलेजात हेन्री डेरोझिओ शिकवू लागला, तेव्हा त्याचं वय जेमतेम सतरा होतं. त्याच्याभोवती विद्यार्थ्यांची वादसभा उभी राहिली. १८३० मध्ये विद्यार्थ्यांनी 'पार्थेनॉन' नावाचं पत्र काढलं. पहिला अंक निघाला. दुसरा कॉलेजच्या चालकांनी वाचकांपर्यंत पोचूच दिला नाही. १८३१ मध्ये डेरोझिओला राजीनामा द्यावा लागला आणि त्याच डिसेंबरात, बाविसाव्या वर्षी, तो कॉलऱ्याने गेला. पण मुलांची लेखणी थांबली नाही. त्याच वर्षी कृष्णमोहन बॅनर्जींनी 'एन्क्वायरर' हे पत्र चालवलं आणि डेरोझिओच्या शिष्यमंडळींचं 'ज्ञानान्वेषण'ही निघालं.

मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची साहित्य व विज्ञान विषयांची सभा स्थापन झाली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. सभासद निबंध लिहायचे, ते सभेत वाचले जायचे, त्यांवर चर्चा व्हायची. मराठी शाखेचं 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक १८५० पासून निघू लागलं. तरुण दादाभाई नौरोजी याच सभेतले. या मंडळींनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या आणि तिथे स्वतः शिकवलं. वाचक समोर असला की लिहिणाऱ्यावर जबाबदारी येते, ती अशी.

मग १८५७ साल आलं. कोलकाता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. त्यांचं मुख्य काम शिकवणं नव्हतं, परीक्षा घेणं होतं. लिखाण म्हणजे उत्तरपत्रिका आणि वाचक म्हणजे एक अनोळखी परीक्षक, हा साचा तेव्हा पडला. गठ्ठा तपासून झाला की लिखाण संपलं. आपण अजून बहुतांशी याच साच्यात आहोत.

आता ब्लॉगकडे येऊ. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ मध्ये जॉर्न बार्जरने वापरात आणला. १९९९ मध्ये 'ब्लॉगर' ही सेवा निघाली आणि संगणकाची भाषा न येणाराही स्वतःचं पान चालवू लागला. २००३ मध्ये हार्वर्डने आणि २००४ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाने विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना ब्लॉग उघडून दिले. वर्गातली रीत साधी असते. तासाआधी विद्यार्थी वाचलेल्या भागावर चार परिच्छेद लिहितो, सोबती त्यावर शंका काढतात, आणि प्राध्यापक ते वाचून वर्गात येतात. कोण कुठे अडलंय हे त्यांना आधीच कळलेलं असतं. तारीखवार नोंदी राहत असल्याने जूनमधला विचार डिसेंबरात कसा बदलला, हेही दिसतं.

लष्करी न्यायालयात मत देण्याची सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून होते. वरिष्ठ आधी बोलला तर कनिष्ठ स्वतःचं मत मांडणार नाही, हे त्यामागचं शहाणपण. तासाआधी लिहिलेला ब्लॉग वर्गात हेच काम करतो. मागच्या बाकावरच्या अबोल मुलीचं म्हणणंही प्राध्यापकांच्या मताआधी नोंदलं जातं.

धोकेही सांगतो. जुलै २००६ मध्ये सरकारी आदेश मोजक्याच पानांपुरता होता, पण इंटरनेट कंपन्यांनी सगळं ब्लॉगस्पॉटच काही दिवस बंद ठेवलं. २००९ मध्ये 'जिओसिटीज' बंद पडलं आणि असंख्य लोकांची पानं त्याच्यासोबत गेली. दुसऱ्याच्या जागेवर ठेवलेलं लिखाण आपल्या ताब्यात नसतं. शिवाय एकोणिसाव्या वर्षी लिहिलेलं कच्चं मत जगासमोर कायमचं टांगून ठेवणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

म्हणून प्राध्यापक मित्रांना माझी सूचना आहे. ब्लॉग आधी फक्त वर्गापुरता उघडा. जगासमोर काय ठेवायचं ते विद्यार्थ्याला ठरवू द्या. प्रत्येक लेखाची प्रत कॉलेजात जपा. आणि प्रत्येक नोंदीला गुण देऊ नका, नाहीतर तीही उत्तरपत्रिकाच होईल. मुलांचं लिखाण आधी वाचा, त्यावर दोन ओळी लिहा. 'पार्थेनॉन'च्या पोरांना चालकांकडून हवं होतं ते एवढंच.