रथाला हात किती?

मागितलेले पान वाचकाच्या संगणकाकडे धाडणारी एक आज्ञावली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रॉब मॅककूल यांनी लिहिली. १९९४ साली ते तेथून गेले, आणि ती पोरकी झाली. मजकूर सर्वांस खुला. तेव्हा ठिकठिकाणच्या आठ जणांनी आपापली ठिगळे जोडून १९९५ साली ‘अपाची’ उभी केली, तीही फावल्या वेळात! गावाने ओढलेला रथच म्हणाना.

पण मॉकस, फील्डिंग आणि हर्ब्सलेब यांनी दप्तर तपासून २००२ साली हिशेब मांडला. चुका कळविणारे ३,०६० निघाले, त्या दुरुस्त करणारे १८२. आणि नव्या ओळींपैकी शेकडा ८८ अवघ्या १५ जणांच्या! मौज अशी, की फील्डिंग स्वतः त्या आठांतलेच.