खिळ्यांच्या शाळेत

अक्षररचनेचे मूलतत्त्व आज उपयोजित कलेचा विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर शिकतो. परंतु मुंबई इलाख्यात या विद्येचे पहिले गुरुकुल होते ते छापखाना, आणि तेथील आद्य शिष्यांपाशी पदवीची सनद तर सोडाच, धड शालेय शिक्षणही क्वचितच असे. गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात उमेदवारी करून स्वतःचा छापखाना उभा केला आणि १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछापात बोरूने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे उमटे, त्यामुळे लेखकाच्या हाताचे वळण टिके. मात्र तेथे अक्षराला स्वतंत्र अस्तित्व नसल्यामुळे त्याची चिकित्साही कोणी करीत नसे.

ती चिकित्सा सुरू झाली खिळ्यांमुळे, म्हणजे शिशात ओतलेल्या सुट्या अक्षरांमुळे. जावजी दादाजी हेही अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात लहानपणी कामाला लागलेले. त्यांनी पुढे १८६४ च्या सुमारास टाइप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा त्यांना राणोजी रावजी आरू हे अक्षरे कोरणारे कारागीर लाभले, आणि माझ्या मते निर्णयसागरी अक्षराच्या कीर्तीतील मोठा वाटा, जो सहसा मालकाच्या नावे मांडला जातो, तो या कारागिराचा आहे. पोलादी पंचाच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, ज्योतीवर धरून काजळीने त्याचा ठसा कागदावर पाहावयाचा, मनासारखे उतरेपर्यंत पुन्हा घासावयाचे, मग तांब्यावर ठोकून साचा करावयाचा आणि त्यात शिशाचा रस ओतावयाचा, असा हा क्रम; यात आतील पोकळी किती ठेवावी याचे ज्ञान डोळ्याआधी बोटांना होई.

देवनागरीने या कारागिरांपुढे रोमन लिपीला ठाऊक नसलेले प्रश्न उभे केले. रोमन अक्षर पायाच्या रेषेवर उभे राहते, आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, आणि या तिन्ही मजल्यांना एकाच खिळ्याच्या उंचीत बसवावयाचे म्हटले की मधले मुख्य अक्षर आपोआप बारीक होते, म्हणूनच एकाच मापाचा मराठी मजकूर इंग्रजीशेजारी खुजा दिसतो. मात्रा वेगळी ओतून अक्षराशी जुळवावी, तर सांधे उघडे पडत. ती अक्षरासह अखंड ओतावी, तर खिळे ठेवण्याच्या केसमधील घरांची संख्या कित्येक शेंवर जाऊन जुळाऱ्याचा हात दमे. आणि खिळ्याबाहेर झुकलेली वेलांटी छापताना दाबाखाली मोडे. शिरोरेषा सलग दिसावी, तर प्रत्येक खिळ्यावरील तिची जाडी आणि उंची केसभरही चुकता कामा नये; खिळे झिजले की ओळ तुटक दिसू लागे. (आजच्या फॉन्टमध्येही शिरोरेषा जेथे तुटलेली दिसते, तेथे त्या जुन्या दुखण्याचेच नवे रूप असते.)

खिळ्यांची संख्या कमी करण्याचा ध्यास पुढे लोकमान्य टिळकांनीही घेतला, आणि राजकारणाच्या धकाधकीत त्यांनी या रुक्ष तपशिलास वेळ द्यावा हे मला त्यांच्या गीताभाष्याइतकेच विलक्षण वाटते. तथापि या सर्व अनुभवाचा पद्धतशीर दस्तऐवज झाला तो बराच उशिरा: बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील ग्रंथ १९७१ साली महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने तीन खंडांत प्रसिद्ध केला, तोही इंग्रजीत, आणि शिशाचे खिळे छापखान्यांतून हद्दपार होऊ लागले होते अशा वेळी.