पदवीनंतरची पहिली नोकरी : वऱ्हाडातील उमेदवारांनी कोणते दार आधी ठोठवावे?

अमरावती, अकोला - पदवीचा निकाल लागला की वऱ्हाडातील घरांत बहुधा दोन मते पडतात. एक मत अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा देण्याचे, दुसरे पुण्या-मुंबईची गाडी धरण्याचे. दोन्ही मार्गांना खर्च आहे आणि अनेक घरांत तो कापूस-सोयाबीनच्या पैशांतूनच करावा लागतो. म्हणूनच या दोहोंपैकी एक निवडण्यापूर्वी कोणत्या संधीला कोणती वयोमर्यादा आहे, हे पाहणे हिताचे ठरते. काही दारे चोविसाव्या वर्षीच बंद होतात, तर काही अडतिसाव्या वर्षापर्यंत उघडी असतात.

पदवी ही पात्रता, नेमणूक नव्हे

डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षणाची वाट मोकळी झाली. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर पदवीसाठी नागपूर विद्यापीठावर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम हे पाच जिल्हे येतात. शिक्षक, बँक, जिल्हा परिषद, वीज मंडळ हे या भागातील पदवीधरांचे जुने आश्रयस्थान. आता शिक्षकाला टीईटी व अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि बँकेसाठी आयबीपीएसची परीक्षा असते. पदवीमुळे केवळ अर्ज करण्याचा अधिकार मिळतो.

स्थानिक उद्योगांचे स्वरूपही ध्यानात घ्यावे. जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिल, तेल गिरण्या यांना हिशेब, मालाची प्रतवारी आणि विक्री सांभाळणारी माणसे लागतात; मात्र अशा जागांची जाहिरात क्वचितच निघते. औद्योगिक वसाहतीत प्रत्यक्ष जाऊन अर्ज देणे हाच तेथील राजमार्ग आहे. नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. अशा प्रकल्पांना उभे राहण्यास वर्षे लागतात. त्यांच्यावर लक्ष ठेवावे, परंतु त्यांच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसू नये.

वयाचा क्रम

केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिची वयोमर्यादा २१ ते २४ वर्षे होती. मोठ्या कंपनीत बारा महिने काम आणि दरमहा ५,००० रुपये असे तिचे स्वरूप होते. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या बँक लिपिक भरतीची कमाल मर्यादा खुल्या प्रवर्गासाठी २८, तर अधिकारी पदासाठी ३० वर्षे आहे. लिपिक पदासाठी राज्याची भाषा येणे आवश्यक असल्याने मराठी माध्यमाच्या उमेदवाराची ही जमेची बाजू ठरते. याउलट राज्य लोकसेवा आयोगाच्या बहुतेक परीक्षांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षांपर्यंत बसता येते.

ही दीर्घ मर्यादा सवलत म्हणून दिलेली आहे. पण तीच अनेकांना गुंतवून ठेवते. 'अजून एक प्रयत्न' म्हणता म्हणता तिशी येते आणि तोवर बँकेचे दार लागलेले असते. खासगी कंपन्याही कोऱ्या पाटीच्या तिशीतल्या उमेदवारापेक्षा नवा पदवीधर पसंत करतात. तेव्हा जे दार आधी बंद होणार, ते आधी ठोठवावे. राज्यसेवेची तयारी करणाऱ्यानेही किती प्रयत्न करायचे, हे पहिल्याच वर्षी घरच्यांशी बोलून ठरवावे.

दुर्लक्षित शिकाऊ उमेदवारी

शिकाऊ उमेदवारी म्हणजे केवळ आयटीआयवाल्यांची सोय, हा समज चुकीचा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांनाही प्रशिक्षण घेता येते. २०१९ च्या नियमांनी पदवीधरासाठी दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरविले. महावितरण, महानिर्मिती यांसारख्या कंपन्या अशा जाहिराती वेळोवेळी काढतात. महानिर्मितीचे औष्णिक वीज केंद्र अकोला जिल्ह्यातच पारस येथे आहे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये जाहीर झाले. प्रारंभीची सहा महिन्यांची मुदत २०२५ मध्ये अकरा महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली.

यांपैकी कोणत्याही प्रशिक्षणानंतर कायम नोकरीची हमी नसते, हे रुजू होण्यापूर्वीच समजून घ्यावे. लाभ असतो तो अनुभवाच्या प्रमाणपत्राचा. 'यापूर्वी कोठे काम केले?' या प्रश्नाला पहिले उत्तर त्यातून मिळते. राज्याच्या महास्वयंम संकेतस्थळावरील नोंदणी निःशुल्क आहे. रोजगार मेळाव्यांची माहिती जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात मिळते.

कागदपत्रे आधी

निवड होऊनही कागदाअभावी संधी हुकणे ही सर्वांत मोठी हळहळ. अधिवास, नॉन-क्रिमिलेअर अथवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र अंतिम तारखेला वैध आहे का, हे पाहावे. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज शक्य तितक्या लवकर करावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रांताशी व पुढे मध्य प्रदेशाशी जोडलेला होता. त्या काळातील शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर व कोतवाल बुकाच्या नकला मिळविण्यात वेळ जातो. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते. तेही पदवीच्या शेवटच्या वर्षातच उरकता येते.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

बेरोजगारीच्या काळात 'नोकरी लावून देतो' म्हणणारा ओळखीतूनच घरी येतो. परीक्षा शुल्काव्यतिरिक्त शासकीय भरतीत कोणालाही पैसे देण्याची तरतूद नाही. मुलाखत, प्रशिक्षण साहित्य किंवा 'अनामत' यासाठी आगाऊ रक्कम मागणारी खासगी कंपनीही संशयास्पद समजावी. मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात देऊ नये. केंद्राच्या परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला असून, गैरप्रकारासाठी त्यात तीन ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. मात्र शेत गहाण ठेवून दिलेले पैसे परत मिळविणे कायद्यालाही सोपे नसते.

पहिला पगार लहान असेल, पद मनाजोगे नसेल, तरी त्या नोकरीतून कामाची शिस्त आणि पुढच्या अर्जासाठी आधार मिळतो. परीक्षेचा अभ्यास कामावरून आल्यानंतरही करता येतो. निघून गेलेले वय मात्र कोणत्याही जाहिरातीत भरून निघत नाही.